हिवाळ्यातील टेनिस आणि खेळाची वेळ

टेनिस हा जन्माने उन्हाळ्यातील खेळ आहे. १८७४ मध्ये मेजर वॉल्टर विंगफिल्ड यांनी इंग्लंडमध्ये ज्या खेळाचे एकस्व मिळविले, तो बागेतील हिरवळीवर खेळावयाचा होता. आणि त्या देशातील हिरवळ कोरडी व टणक राहते ती उन्हाळ्यातच. विम्बल्डनची स्पर्धा आजही जून-जुलैमध्ये भरते ती यामुळेच. भारतात आल्यावर मात्र या खेळाला आपला ऋतू बदलावा लागला. उत्तर भारतात मे-जूनमध्ये पारा ४० अंशांच्या पलीकडे जातो, जुलै ते सप्टेंबर हे महिने पावसाचे असतात, आणि मोकळ्या मैदानावर सुखाने खेळता येईल असा काळ उरतो तो हिवाळ्याचा व त्याच्या आगेमागे येणाऱ्या काही आठवड्यांचा. महाराष्ट्रातही फारसे वेगळे नाही. पुण्याजवळील म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात २०१८ पासून २०२३ पर्यंत जी आंतरराष्ट्रीय व्यावसायिक स्पर्धा होत असे, तीही वर्षाच्या आरंभी, थंडीच्या दिवसांतच भरविली जाई.

पुण्याची थंडी आणि दिल्लीच्या परिसरातील थंडी यांत मात्र मोठा फरक आहे. हा फरक केवळ अंशांचा असता तर एक लोकरी कपडा अधिक घालून प्रश्न सुटला असता. प्रस्तुत प्रकरणात मानेसर या एका ठिकाणाचे उदाहरण घेऊन आपण हा फरक समजून घेणार आहोत. स्पर्धेसाठी खेळणाऱ्याचा विचार येथे केलेला नाही; आठवड्यातून दोन-तीन वेळा, करमणुकीसाठी आणि प्रकृतीसाठी रॅकेट हाती धरणाऱ्या सामान्य माणसाचा हा विचार आहे. अशा माणसाने हिवाळ्यात खेळावे काय, कसे खेळावे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दिवसाच्या कोणत्या वेळी खेळावे, हे तीन प्रश्न आपल्यापुढे आहेत.

मानेसरचा हिवाळा

हरियाणातील गुरुग्राम जिल्ह्यात, दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर मानेसर वसलेले आहे. अरवलीच्या झिजलेल्या टेकड्या जवळच आहेत. एकेकाळचे हे गाव आज औद्योगिक नगर म्हणून ओळखले जाते. मारुती सुझुकीचा मोटारींचा कारखाना, मेंदूविषयक संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र, राष्ट्रीय सुरक्षा दलाचे तळ अशा अनेक संस्था येथे आहेत. कुंडली-मानेसर-पलवल या द्रुतगती मार्गाच्या नावातच हे गाव आलेले आहे. २०२० च्या अखेरीस मानेसरसाठी स्वतंत्र महानगरपालिका स्थापन झाली. कारखाने आणि संस्था यांच्यामागोमाग देशाच्या सर्व भागांतून माणसे आली, उंच इमारतींच्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि वसाहतीच्या आवारात पोहण्याच्या तलावाबरोबर एखाद-दुसरे टेनिसचे मैदानही असावे अशी रीत पडली. ही मैदाने बहुतेक सिमेंट-काँक्रीटची किंवा डांबरी असून त्यांवर रंगीत कृत्रिम लेप दिलेला असतो.

दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेतील नोंदींनुसार जानेवारीत सरासरी किमान तापमान ७ अंश सेल्सिअसच्या, तर कमाल तापमान २० अंशांच्या आसपास असते. एखाद्या वर्षी थंडी याहून पुष्कळ खाली उतरते. १ जानेवारी २०२१ रोजी त्याच वेधशाळेत १.१ अंश तापमान नोंदले गेले आणि दाट धुक्यामुळे काही हातांवरचेही दिसेनासे झाले. मानेसर हे दिल्लीच्या नैर्ऋत्येस, शेतजमीन व टेकड्या यांच्या सान्निध्यात असल्याने निरभ्र रात्री तेथेही चांगलाच गारठा पडतो. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत धुक्याचा जोर असतो. दृश्यता १,००० मीटरच्या आत आली म्हणजे हवामानशास्त्राच्या भाषेत धुके पडले असे म्हणतात. ती ५० मीटरांच्याही खाली गेली तर ते अतिशय दाट धुके होय. टेनिसचे मैदान २४ मीटरांपेक्षा थोडेच कमी लांब असते, हे ध्यानात घेतले म्हणजे अशा सकाळी समोरचा खेळाडूही अंधूक का दिसतो ते कळते.

पानिपतच्या मोहिमेत उपासमारीबरोबर उत्तरेकडील कडाक्याच्या थंडीनेही मराठी सैन्याचे हाल केले, हे मराठी वाचकाने शाळेत असल्यापासून ऐकलेले असते. त्यामुळे दिल्लीकडे नोकरीनिमित्त जाणारा माणूस थंडीची धास्ती बाळगून आणि बॅगेत चार स्वेटर भरूनच जातो. धास्ती बाळगण्यासारखी गोष्ट मात्र दुसरीच आहे. तिच्याकडे वळण्यापूर्वी थंडीचा खेळावर आणि शरीरावर कोणता परिणाम होतो, ते पाहू.

थंड चेंडूचा स्वभाव

थंडीत खेळू लागणाऱ्या माणसाला पहिली जाणीव होते ती चेंडू ‘मेल्याची’. नेहमीच्या सवयीने रॅकेट फिरवावी, तर चेंडू अपेक्षेहून खाली उसळतो आणि रॅकेटच्या कडेला लागून भलतीकडे जातो. यात खेळाडूचा दोष थोडा व निसर्गाचा अधिक असतो.

टेनिसचा चेंडू म्हणजे आत दाबाखाली हवा भरलेली रबराची पोकळ गोळी असून तिच्यावर लोकरीसारखे लवदार कापड चिकटविलेले असते. नियमाप्रमाणे चेंडूचे वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम असावे लागते. २५४ सेंटिमीटर उंचीवरून काँक्रीटवर सोडला असता तो १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. ही चाचणी २० अंश तापमानात घ्यावयाची असते, हे येथे महत्त्वाचे आहे. बंदिस्त हवा थंड झाली म्हणजे तिचा दाब उतरतो. तापमान २० अंशांवरून ५ अंशांवर आले, तर चेंडूतील एकूण दाब सुमारे पाच टक्क्यांनी घटतो. पण बाहेरच्या हवेपेक्षा आतील दाब जितका अधिक असतो, तेवढ्याच अंशाचा विचार केला तर ही घट सुमारे एक-दशांश भरते. शिवाय थंडीने रबर ताठर होते. आपटल्यावर दबून पुन्हा पूर्ववत होताना ते अधिक ऊर्जा गिळते. या दोन्ही कारणांमुळे उसळी कमी होते. त्यात दव पडले असेल तर लवदार कापड पाणी शोषून घेते आणि चेंडू जड होतो.

हवेचाही एक भाग आहे. ५ अंशांवरील हवा ४० अंशांवरील हवेपेक्षा सुमारे एक-अष्टमांशाने अधिक दाट असते. त्यामुळे मे महिन्यात मागच्या रेघेबाहेर जाणारा फटका जानेवारीत आतच पडतो. ज्याचा फटका नेहमी लांब जातो त्याला ही निसर्गाची मदतच म्हणावी लागेल.

यावरून काही व्यावहारिक नियम निघतात. चेंडूंचा डबा रात्रभर मोटारीत किंवा गॅलरीत ठेवू नये, घरातच ठेवावा. खेळताना वापरात नसलेला चेंडू खिशात ठेवला तर तो शरीराच्या उबेने तेवढाच जिवंत राहतो. जुने चेंडू थंडीत अगदीच निरुपयोगी होतात. खांद्याच्या उंचीवरून सोडलेला चेंडू त्याच्या निम्म्याहूनही वर येत नसेल, तर तो बाजूला ठेवावा. रॅकेटचे गटिंग थंडीत कडक वाटते व हाताला धक्का अधिक बसतो. म्हणून हिवाळ्यापुरते ते एक-दोन पौंडांनी सैल करून घेण्यास हरकत नाही. ज्यांना कोपराचे दुखणे आहे त्यांनी तर हे अवश्य करावे.

खेळातही थोडा बदल करावा लागतो. चेंडू खाली राहतो, म्हणून गुडघे अधिक वाकवावे लागतात आणि चेंडूपाशी पाऊलभर लवकर पोहोचावे लागते. उंच उसळीवर भिस्त ठेवणारा वरच्या फिरकीचा फटका थंडीत आपला धाक गमावून बसतो. उलट खालून कापून मारलेला चेंडू जमिनीसरसा सरकत जातो आणि प्रतिस्पर्ध्याला अडचणीत आणतो. मध्यमवयीन खेळाडूला ही गोष्ट सहसा मानवते.

शरीराची तयारी

थंड स्नायू ताठर असतो. त्यातील रासायनिक क्रिया मंदावलेल्या असतात, मज्जातंतूंतून संदेश सावकाश जातात आणि एकाएकी ताण पडला तर तंतू तुटण्याचा संभव वाढतो. टेनिसमध्ये पोटऱ्या, टाचेमागील शीर, मांडीचा मागचा भाग आणि खांदा यांवर असा ताण येतो. गाडीतून उतरून थेट सर्व्हिस करू लागणे हा हिवाळ्यातील सर्वांत नेहमीचा आणि सर्वांत महाग पडणारा अविचार होय.

सुरुवातीची दहा ते पंधरा मिनिटे अंग तापविण्यास द्यावीत. मैदानाभोवती मंद गतीने धावणे, बाजूस पावले टाकणे, हात खांद्यातून फिरविणे, हे प्रथम करावे. नंतर दोघांनीही जाळ्याजवळच्या सर्व्हिसच्या चौकोनात उभे राहून हलक्या हाताने चेंडू परतवावा. क्रमाक्रमाने मागे सरत मागच्या रेघेपर्यंत यावे. सर्व्हिस सर्वांत शेवटी करावी, आणि पहिल्या आठ-दहा सर्व्हिस अर्ध्या जोरानेच माराव्यात. एका जागी उभे राहून थंड स्नायूंना हिसके देत ताणणे टाळावे.

कपडे पापुद्र्यांसारखे असावेत. अंगालगत घाम बाहेर टाकणारा पातळ कपडा, त्यावर एक उबदार कपडा आणि वर वारा अडविणारे पातळ जाकीट, असे तीन थर पुरतात. जाड सुती बनियन घामाने भिजून अंगाला चिकटते आणि विश्रांतीच्या वेळी तेच अंग गार करते. घाम येण्यास आरंभ झाला की वरचा थर उतरवावा. घाम निथळेपर्यंत थांबू नये. खेळ संपताच भिजलेला कपडा बदलून कोरडा कपडा व स्वेटर चढवावा आणि मगच गप्पा माराव्यात. हिवाळ्यात तहान कमी लागते, परंतु श्वासावाटे व घामावाटे पाणी जातच असते. म्हणून बाजू बदलताना कोमट पाण्याचे दोन-चार घोट घेत जावे.

थंडीने त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व रक्तदाब वाढतो. त्याच वेळी अंगमेहनत सुरू झाली की हृदयावर दुहेरी भार पडतो. रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी, तसेच पुष्कळ वर्षांच्या खंडानंतर चाळिशीत पुन्हा रॅकेट हाती घेणाऱ्यांनी, आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत आवळल्यासारखे वाटणे, वेदना हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणे, अकारण दम लागणे, यांपैकी काहीही जाणवले तर ‘हा सेट संपवू’ असे म्हणत बसू नये. खेळ त्याच क्षणी थांबवून वैद्यकीय मदत मिळवावी. दम्याची प्रकृती असणाऱ्यांच्या श्वासनलिका थंड व कोरड्या हवेने आकसतात. त्यांनी औषधाचा फवारा जवळ बाळगावा.

ओल्या मैदानाबद्दल वेगळे सांगावयास हवे. कृत्रिम लेपाच्या मैदानावर दवाचा पातळ थर डोळ्यांना दिसत नाही, पण पाय घसरविण्यास तो पुरेसा असतो. रंगविलेल्या पांढऱ्या रेघा तर सर्वांत निसरड्या. बुटाचा पुढचा भाग रेघेवर घासून पाहावा. तो सहज सरकला तर मैदान वाळेपर्यंत थांबावे. रबरी पट्टीने पाणी ओढून काढता येते. परंतु धुके असेतोवर ओल पुन्हा पुन्हा धरते.

येथपर्यंत सांगितलेल्या सर्व अडचणींचा एक समान गुण आहे. त्यांवर खेळाडूच्या स्वतःच्या हाती उपाय आहे. कपडा, व्यायाम, गरम पाणी, घरात ठेवलेला चेंडू आणि थोडा धीर एवढ्यावर मानेसरची थंडी जिंकता येते. आता जिच्यावर असा उपाय चालत नाही, त्या गोष्टीकडे वळू.

हवेचे झाकण

दिवसा सूर्य जमीन तापवितो, जमिनीलगतची हवा तापून वर जाते आणि तिच्याबरोबर धूर व धूळही वर जाऊन विखुरते. हिवाळ्याच्या निरभ्र, निवांत रात्री याच्या उलट घडते. जमीन आपली उष्णता आकाशात टाकून लवकर थंड होते. तिला लागून असलेली हवाही थंड व जड होते, आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर पसरतो. भूगोलाच्या पुस्तकात यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. हा उबदार थर भांड्यावरील झाकणासारखा काम करतो. रात्रभर महामार्गावरून जाणाऱ्या मालमोटारींचा धूर, कारखान्यांचा धूर, बांधकामाची धूळ, शेकोट्या, हे सारे त्या झाकणाखाली कोंडून राहते. चुलीचा किंवा शेकोटीचा धूर थोडा वर जाऊन मग आडवा पसरत गेलेला दिसला, तर हे झाकण बसले आहे असे समजावे.

कोंडलेल्या या हवेतील सर्वांत घातक घटक म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षाही लहान असलेले कण. माणसाच्या केसाच्या जाडीच्या ते सुमारे विसाव्या-तिसाव्या हिश्श्याइतके असतात. नाक मोठी धूळ अडविते. हे कण मात्र फुप्फुसाच्या खोलवरच्या कप्प्यांपर्यंत पोहोचतात. भारताच्या राष्ट्रीय मानकाप्रमाणे २४ तासांच्या सरासरीत या कणांचे प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा १५ वर आणली. दिल्लीच्या परिसरात नोव्हेंबर ते जानेवारी या काळात या दोन्ही मर्यादा दिवसच्या दिवस ओलांडल्या जातात. ऑक्टोबरच्या अखेरीस व नोव्हेंबरमध्ये शेतातील भाताचे खुंट जाळल्याचा धूर आणि दिवाळीतील दारूकाम यांची त्यात भर पडते; डिसेंबर-जानेवारीत धुके आणि निवांत हवा यांमुळे परिस्थिती टिकून राहते.

खेळणाऱ्या माणसाला हे अधिक का बाधते, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. टेनिस खेळताना हेच प्रमाण सहज ४० ते ६० लिटरांवर जाते, आणि दम लागल्यावर श्वास नाकाऐवजी तोंडाने घेतला जातो. म्हणजे तासभर खेळणारा माणूस बसून राहणाऱ्यापेक्षा अनेक पटींनी अधिक हवा, आणि तिच्याबरोबर तितकेच अधिक कण आत ओढतो. प्रकृती सुधारावी म्हणून केलेला व्यायाम अशा हवेत उलट फळ देऊ शकतो.

धडधाकट, कसलेल्या खेळाडूंनाही ही हवा सोसवत नाही, याचे एक उदाहरण सर्वांनी पाहिले आहे. डिसेंबर २०१७ मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर भारत व श्रीलंका यांच्यात कसोटी सामना झाला. त्यात श्रीलंकेचे खेळाडू तोंडाला मुखपट्ट्या लावून मैदानात उतरले, काहींना मैदान सोडावे लागले आणि खेळ थांबवावा लागला. त्या वेळी यावर पुष्कळ वाद झाला. परंतु थंडी हे त्या तक्रारीचे कारण नव्हते, हे सर्वांना मान्य होते.

पहाटेचा मोह

येथे आपल्या संस्कारांचा प्रश्न येतो. पहाटेचा व्यायाम उत्तम, ही समजूत मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली आहे. तालमीतील जोर-बैठका पहाटेच्या, पुण्यात पर्वती चढावयाची तीही उजाडता उजाडता. पहाटेची हवा शुद्ध असते, हे वाक्य आपण विचार न करता उच्चारतो. ज्या गावात धूर नाही आणि वारा खेळता आहे, तेथे ते खरेही असेल. मानेसरच्या हिवाळ्यात मात्र ते साफ चुकीचे ठरते. रात्रभर कोंडलेली हवा पहाटेस अजून मोकळी झालेली नसते. सूर्योदयाच्या सुमारास वाहनांची व कारखान्याच्या पाळ्यांची वर्दळ सुरू होते आणि झाकण तर अद्याप जागेवरच असते.

जानेवारीच्या पूर्वार्धात येथे सव्वासातच्या सुमारास सूर्य उगवतो. ऊन पडून जमीन तापावयास आणि झाकण विरावयास आणखी चार-पाच तास लागतात. सामान्यतः दुपारी एक ते चार या वेळेत हवा अधिकात अधिक उंचीपर्यंत ढवळली जाते आणि जमिनीलगतच्या कणांचे प्रमाण दिवसातील किमान पातळीवर येते. याच वेळी तापमान १८ ते २० अंशांच्या जवळ असते, मैदान कोरडे असते, चेंडू उसळतो आणि स्नायू लवकर तापतात. पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो, हवा पुन्हा निवू लागते आणि रात्री नऊच्या सुमारास विजेच्या झोतांत रंगणारे सामने पुन्हा त्याच झाकणाखाली खेळले जातात. झोतांभोवती दिसणारे करडे वलय रम्य वाटते. त्यात धुक्याइतकाच धुराचाही वाटा असतो.

तेव्हा मानेसरमध्ये हिवाळ्यात टेनिस खेळण्याची योग्य वेळ भर दुपारची होय. ही वेळ साधण्यात अडचणी आहेत, हे खरे. नोकरदार माणसाला ती शनिवार-रविवारीच मिळते. पाळीत काम करणाऱ्याला कधीमधी आठवड्यातही मिळेल. परंतु आठवड्यातून चार वेळा पहाटे खेळण्यापेक्षा दोनदा दुपारी खेळणे अधिक हिताचे आहे. उरलेल्या दिवशी घरात दोरीवरच्या उड्या किंवा सूर्यनमस्कार घालता येतात.

दुपारची एक लहानशी गैरसोयही सांगावयास हवी. डिसेंबरच्या अखेरीस या अक्षांशावर मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३८ अंश वर येतो. मुंबईत तो ४७ अंशांच्या वर जातो. मैदाने बहुधा उत्तर-दक्षिण आखलेली असल्याने उत्तरेकडून सर्व्हिस करणाऱ्याच्या डोळ्यांत थेट ऊन येते. टोपीची झाप आणि चेंडू किंचित बाजूला उडविण्याची सवय यावर पुरते. विषम गेमनंतर बाजू बदलावयाची असल्याने ही गैरसोय दोघांच्याही वाट्यास सारखीच येते.

आकडे कसे वाचावेत

हवेची स्थिती डोळ्यांनी ओळखता येते असे मानू नये. स्वच्छ धुके आणि धुराळलेले धुके वरवर सारखेच दिसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जाळ्यातील एक मापनकेंद्र मानेसरमध्येच आहे आणि त्याच्या नोंदी कोणालाही पाहता येतात. हवेचा निर्देशांक ५० पर्यंत चांगला, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिशय वाईट आणि त्यापुढे गंभीर मानला जातो. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रोज दुपारी चार वाजता प्रसिद्ध होणारा आकडा मागील २४ तासांची सरासरी सांगतो. खेळावयास निघताना हवा असतो तो त्या तासाचा सूक्ष्मकणांचा आकडा. त्याच पद्धतीत सूक्ष्मकणांचे प्रमाण ९० पर्यंत मध्यम, १२० पर्यंत वाईट, २५० पर्यंत अतिशय वाईट धरले जाते.

सामान्य खेळाडूसाठी पुढील मर्यादा सुचविता येईल. तासाचा आकडा ९० च्या आत असेल तर निरोगी प्रौढाने खेळावे. तो ९० ते १२० च्या दरम्यान असेल तर एकेरीऐवजी दुहेरी खेळावे, एका सेटवर थांबावे. दमा वा हृदयविकार असणाऱ्यांनी, वृद्धांनी व मुलांनी खेळू नये. त्यापुढे कोणीही खेळू नये. मुखपट्टी बांधून खेळण्याचा आग्रह व्यर्थ आहे. कण अडविणारी घट्ट मुखपट्टी दम लागलेल्या माणसाला पुरेसा श्वास घेऊ देत नाही, आणि जी श्वास घेऊ देते ती कण अडवीत नाही.

याचा अर्थ संपूर्ण हिवाळा वाया गेला असा नव्हे. वायव्येकडून जोराचा वारा सुटला किंवा हिवाळी पावसाची एखादी सर येऊन गेली, म्हणजे हवा धुऊन निघते आणि एक-दोन दिवस आकाश खरोखर निळे दिसते. ते दिवस गमावू नयेत. फेब्रुवारीचा मध्य उलटला की धुके सरते, ऊन वाढते, झाकण सकाळीच विरते. तेथून मार्चअखेरपर्यंतचा काळ मानेसरच्या टेनिसपटूचा खरा हंगाम होय.

मुले आणि मार्कर

प्रौढ माणूस स्वतःपुरता निर्णय घेऊ शकतो. वसाहतींच्या मैदानांवर मुलांचे प्रशिक्षणवर्ग मात्र सकाळी शाळेपूर्वी किंवा संध्याकाळी अंधार पडल्यावर चालतात, म्हणजे नेमके नको त्या वेळी. मुलांची फुप्फुसे अजून वाढीस लागलेली असतात आणि शरीराच्या वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा अधिक हवा घेतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दिल्ली परिसरातील शाळांच्या मैदानी स्पर्धा अधिक चांगल्या हवेच्या महिन्यांत घेण्याचा विचार व्हावा, असे हवेच्या गुणवत्तेसाठी नेमलेल्या आयोगास सुचविले. जे शाळांना लागू ते वसाहतीच्या वर्गालाही लागू असावे. पालकांनी व व्यवस्थापक समितीने हिवाळ्याच्या तीन महिन्यांपुरते वर्ग सुटीच्या दिवशी दुपारी घ्यावेत, आकड्याची मर्यादा फलकावर लिहून ठेवावी, आणि त्या दिवसाचे शुल्क बुडेल या भीतीने शिक्षकाला मैदान चालू ठेवावे लागणार नाही अशी व्यवस्था करावी.

मैदानावर आणखी एक माणूस असतो. चेंडू गोळा करणारा, जाळे बांधणारा, कोणी जोडीदार न मिळाल्यास समोर उभा राहून खेळविणारा मार्कर. सभासदांच्या सोयीनुसार तो पहाटे साडेपाचला येतो आणि रात्री दहाला जातो. खेळावे की न खेळावे ही निवड सभासदाला आहे, त्याला नाही. मैदान बंद ठेवण्याचा निर्णय घेताना त्याच्या श्वासाचाही हिशेब धरला पाहिजे, आणि त्या दिवसाचा त्याचा मोबदला कापला जाता कामा नये.

खेळ माणसाला संयम शिकवितो असे आपण म्हणतो. मागच्या रेघेवरून येणारा प्रत्येक चेंडू जोराने मारावयाचा नसतो. काही चेंडू नुसते परतवावयाचे असतात आणि काही बाहेर जाणारे सोडून द्यावयाचे असतात. कोणता चेंडू सोडावा हे कळू लागणे ही खेळाडूच्या परिपक्वतेची खूण समजली जाते. मानेसरच्या हिवाळ्यात हीच पारख दिवसांच्या व तासांच्या बाबतीत दाखवावी लागते. थंडीला भिऊन घरात बसण्याचे कारण नाही. धुराने भरलेली पहाट मात्र खुशाल सोडून द्यावी, आणि दुपारचे ऊन मैदानावर उतरेपर्यंत रॅकेट व चेंडूंचा डबा घरातच उबेला ठेवावा.